हिरव्या रेघेच्या अलीकडे

सुभेदार खोतांचे डोळे मिटलेले दिसले.

मी गुडघे टेकून बॅगेच्या खिडकीतून आत बघत होते. बॅग म्हणजे माणूस आडवा मावेल एवढी नारिंगी कापडाची हवाबंद नळी, आणि खिडकी म्हणजे चेहऱ्याच्या जागी बसवलेला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा. आत खोत उताणे पडले होते. बाहेर एक शिपाई पायपंप मारून आत हवा भरत होता.

"खोतसाहेब!" मी खिडकीवर टकटक केलं. "अंगठा दाखवा!"

अंगठा दिसला नाही. पंप मारणारा शिपाई घाबरून थांबला.

"थांबू नकोस!" मी ओरडले. "आतली हवा शिळी होईल. मारत राहा!"

मेजर शिर्के आमच्या मागे उभे होते. चाचणी त्यांच्या हाताखाली चालली होती. ते सावकाश वाकले, बॅगेला कान लावला आणि म्हणाले, "घोरतायत."

मी पुन्हा बघितलं. मिशा श्वासागणिक वर-खाली होत होत्या. तंबूतली माणसं हसली, मलाही हसू आलं. चेन उघडून बाहेर काढलं तेव्हा खोत डोळे चोळत म्हणाले, "बाईसाहेब, ह्या ठाण्यावर आल्यापास्नं अशी झोप लागली न्हवती. आत गावच्यावानी हवा हाय."

ते खरंच होतं, आणि बॅग त्याचसाठी बनवली होती. लडाखमधल्या त्या उंचीवर धडधाकट जवानाच्याही फुप्फुसात कधी कधी पाणी भरतं. त्यावर एकच खात्रीचा उपाय, त्याला ताबडतोब खाली न्यायचं. पण हिमवादळात हेलिकॉप्टर येत नाही, वाटा बुजतात. अशा वेळी रोग्याला बॅगेत घालून आत हवा दाबून भरली, की माणूस असतो तिथेच असतो, पण त्याच्या शरीराला वाटतं आपण डोंगर उतरून खाली आलो. तेवढे काही तास त्याला मिळतात. परदेशी बॅगा महाग होत्या आणि मोजक्याच ठाण्यांवर होत्या. आमची पुण्यातली छोटी प्रयोगशाळा ती इथे बनवत होती.

मी इचलकरंजीची. वडिलांचे माग होते, त्यामुळे कापड बोटांनी ओळखायला मी लिहायच्या आधी शिकले. पुढे कापडाचंच इंजिनिअरिंग केलं आणि या प्रयोगशाळेत केळुस्कर सरांच्या हाताखाली लागले. या बॅगेचं कापड, त्यावरचा लेप, शिवणी, जोड, सगळं माझ्या हातचं. पुण्यात शीतगृहात ठेवून, भरून, रिकामी करून आम्ही तिची सगळी परीक्षा घेतली होती. मग दोन बॅगा घेऊन मी वर आले. थंडी नुकती पडायला लागली होती. मराठा पलटणीच्या त्या ठाण्यावर जवानांच्या हातून तिची चाचणी होणार होती, आणि तिथे ती कसोटीला उतरली की त्याच हिवाळ्यात वरच्या चौक्यांवर जाणार होती.

जवानांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं, 'सुरवंट'.

मला वाटलं होतं, चाचणी म्हणजे माणूस आत झोपेल, काटा बघायचा, वेळ बघायची, झालं. मेजर शिर्क्यांची कल्पना वेगळी होती. त्यांनी सुरवंट रात्रभर बर्फात पुरून ठेवला आणि सकाळी लाकडासारखा कडक झालेला बाहेर काढून उलगडायला लावला. जाडजूड हातमोजे घालून चेन लावायला लावली. डोळे बांधून लावायला लावली. चालत्या ट्रकमधून तो खाली टाकला. दोरीला बांधून दगडगोट्यांवरून ओढला. घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली, पुन्हा पुरली. दोन्ही बॅगांवर हे दिवसचे दिवस चाललं. मी प्रत्येक वेळी धावत जाऊन कापडावरून हात फिरवायची.

"लेकराला लागलं का बगताय व्हय?" खोत हसत म्हणायचे. ते शिराळ्याकडचे, अंगानं आडवे, बोलायला मोकळे. "बाईसाहेब, हितं लाडाचं लेकरू चालत न्हाई. हितं पैलवान उतरवायचा हाय."

एके दिवशी मी मेजरांना गाठलंच. "सर, तुम्ही बॅग तपासताय की छळताय?"

"छळतोय," ते म्हणाले. चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि रागही नव्हता. "तपासून तर तुम्ही आणलीय ना पुण्याहून?"

त्या माणसाशी भांडताही यायचं नाही. तो आवाज चढवायचा नाही आणि मागेही हटायचा नाही.

सुरवंट सगळ्यातून निघाला. कापडाला खरचटलं, रंग उडाला, पण हवा गळली नाही. ठरलेल्या सगळ्या चाचण्या संपल्या तेव्हा मी मनातल्या मनात बांधाबांध सुरू केली होती. मेजर चहाचा मग घेऊन माझ्या तंबूशी आले.

"आता एक राहिलं. दोनांतली एक फोडायची."

"म्हणजे?"

"वाळूची पोती आत घालू, दाब सोडणारी झडप बांधून टाकू, आणि फाटेपर्यंत हवा भरू."

"हे ठरलेल्या चाचण्यांत नाही. आम्ही पुण्यात फोडून बघितलीय. काटा लाल रेघेच्या कितीतरी पुढे गेला होता."

बॅगेला दाब दाखवणारी तबकडी होती. तिच्यावर हिरवी रेघ म्हणजे रोग्याला हवा तेवढा दाब. लाल रेघ म्हणजे धोका, तिथे झडप आपोआप उघडून हवा सोडते. हिरव्या रेघेपर्यंत बॅग धरली की उतरली, असा नियम.

"पुण्यात फोडलीत ती नवीकोरी होती," मेजर म्हणाले. "मला ही फोडायचीय. बर्फातून काढलेली."

"सर, एकेक बॅग बनवायला आम्हाला महिने लागतात."

"म्हणून विचारतोय. नाहीतर नुसता हुकूम सोडला असता." त्यांनी चहाचा घोट घेतला. "फाटलीच, तर कुठे फाटेल?"

"चेनच्या टोकाला," मी लगेच सांगितलं. "सगळा ताण तिथेच येतो."

"बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्यावर पोती घातलेली बॅग ठेवली आणि खोत स्वतः पंपावर उभे राहिले. बॅग टम्म फुगली. काटा हिरव्या रेघेवर आला, ओलांडून गेला. मी श्वास सोडला. आणि लगेच कानठळ्या बसवणारा आवाज झाला. वाळू आमच्या तोंडावर उडाली.

चेन शाबूत होती. फाटली होती खिडकीपाशी. प्लास्टिक आणि कापड जिथे उष्णता देऊन एकमेकांत वितळवलं होतं, तो जोड चिरत गेला होता. मी तिथे बसून ती कड बोटांत धरली. गोठलेलं प्लास्टिक एका तऱ्हेनं आकसतं, कापड दुसऱ्या तऱ्हेनं. पुन्हा पुन्हा घडी घातली की त्या ओढाताणीत जोड थकतो. शीतगृहात आम्ही बॅग गार केली होती, पण गार असताना तिच्या इतक्या घड्या कुणी घातल्या नव्हत्या.

"हिरव्या रेघेच्या पुढे गेली," मेजर म्हणाले. "नियमानं उतरली."

"नियमानं उतरली," मी म्हटलं. "पण पुढे म्हणजे जेमतेम पुढे. जोडाचं मला पुण्याला सांगावं लागेल."

"सांगा. दुसरीच्या जोडाकडेही बघून ठेवा."

ते बघायला मला निवांतपणा मिळाला नाही. दुपारी वारा सुटला, आभाळ खाली आलं, आणि वरच्या चौकीवरून चार जवान एका पाचव्याला पाठीवर आळीपाळीनं घेऊन उतरले. शिपाई हणमंत बिराजदार, अक्कलकोटकडचा. त्याला बसवूनच ठेवावं लागत होतं. आडवं केलं की जीव घाबरा व्हायचा. ओठ जांभळे पडले होते. श्वास घेताना छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता.

ठाण्याचे डॉक्टर कॅप्टन जॉर्ज कुरियन केरळचे. डॉक्टरकी पुण्यात शिकले होते, त्यामुळे मोडकंतोडकं पण बिनधास्त मराठी बोलायचे. त्यांनी छातीला नळी लावली आणि मान हलवली.

"फुप्फुसात पाणी. पुष्कळ. ऑक्सिजन देतो, इंजेक्शन देतो, पण हा खाली जायला पाहिजे. आत्ता."

"हेलिकॉप्टर उद्या सकाळशिवाय नाही," मेजर म्हणाले. "नाल्यावर बर्फ कोसळलाय. पायवाट बंद आहे."

"परदेशी बॅग?"

"खिंडीपलीकडच्या ठाण्यावर."

बोलता बोलता सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. कोपऱ्यात दुसऱ्या सुरवंटाची घडी पडली होती.

"अजून मंजूर झालेली नाही ती," मेजर म्हणाले. "वापरली तर माझ्या जबाबदारीवर. पण मला एवढं सांगा, धरेल?"

मी बॅग उजेडात नेली. खिडकीच्या कडेनं बोटं फिरवली. डाव्या अंगाला, जोडाच्या रेषेवर, नखानं ओढल्यासारखी पांढरट लकीर उमटली होती. कापडात अशी लकीर मी ओळखते. तिथला धागा अजून तुटलेला नसतो, पण त्यानं तुटायचं ठरवलेलं असतं.

"हिरव्या रेघेपर्यंत नाही धरणार," मी म्हटलं.

कुरियननी कपाळाला हात लावला.

"पण अलीकडे धरेल. सकाळी फाटली ती किती दाबाला फाटली ते आपण बघितलंय. ही तिच्याहून जास्त घासलीय. त्या मानानं मी दाब कमी धरते." मी पेन काढून तबकडीच्या काचेवर हिरव्या रेघेच्या बऱ्याच अलीकडे एक काळी खूण केली. "इथपर्यंत. याच्यापुढे काटा जाता कामा नये. आणि हवा भरायच्या आधी बॅग शेकोटीशी धरून मऊ करायची. गार असताना उलगडायचीच नाही."

"एवढ्या दाबानं होणार?" कुरियननी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं, डॉक्टर. बॅग किती सोसेल ते मी सांगते."

त्यांनी बिराजदारकडे बघितलं. "काही नाही त्यापेक्षा चांगलं. घाला."

बुखारीच्या, म्हणजे तंबूतल्या लोखंडी शेगडीच्या उबेत बॅग लवचीक झाली. बिराजदारला डोक्याकडून उंच करून आत बसतं-आडवं केलं. चेन लागायच्या आधी त्यानं माझं मनगट धरलं. तो काही बोलू शकत नव्हता, नुसता बघत होता. मी म्हटलं, "मी इथेच आहे. खिडकीतून माझ्याकडे बघत राहा." मग चेन लावली आणि खोतांनी पंपावर पाय ठेवला.

काटा माझ्या खुणेवर आला. मी खिडकीशी बसले. गरम पाण्याची रबरी पिशवी जोडावर ठेवून तिच्यावर तळहात दाबला. तंबूला वाऱ्याचे दणके बसत होते. पाणी गार झालं की कुणीतरी पिशवी बदलून आणायचं, मी हात मात्र उचलत नव्हते. जोड तळहाताखाली मला कळत होता. ताण वाढला की तो जरासा टरारायचा.

पंपावर माणसं बदलत होती. पंप क्षणभरही थांबून चालणार नव्हतं. खोत बाजूला झाले तरी खिडकीशी वाकून बोलत राहिले. "बिराजदार, डोळं उगडं ठेव. झोपलास तर चौकीवरची समदी भांडी घासायला लावीन, सांगून ठेवतो."

बराच वेळ गेला. फरक दिसेना. कुरियन खिडकीतून बघायचे, येरझारा घालायचे, पुन्हा बघायचे.

"ओठ तसेच आहेत. दाब वाढवा."

"नाही."

"मॅडम, हा माणूस बुडतोय! आतल्या आत पाण्यात बुडतोय! हिरवी रेघ तुम्हीच काढली ना? मग तिथे न्या!"

"ती रेघ धड बॅगेची आहे. ही धड नाही. फट्कन फाटून आतला दाब एकदम गेला, तर त्याच्या फुप्फुसांचं काय होईल?"

ते त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. तेवढ्यात माझ्या तळहाताखाली जोड सूतभर सरकला. मी पिशवी उचलून बघितलं. पांढरी लकीर लांबली होती.

"उतरवा," मी म्हटलं. "काटा थोडा खाली घ्या."

"खाली?" कुरियन मल्याळममध्ये काहीतरी ओरडले. मग मेजरांकडे वळले. "सर, तुम्ही सांगा यांना!"

मेजर शिर्के दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हुकूम येणार. बिराजदार त्यांचा माणूस होता.

"जॉर्ज," ते म्हणाले, "ती कुठे फाटते ते आपल्यात फक्त यांना माहीत आहे. काटा खाली घ्या."

काटा खाली आला. लकीर थांबली. मी पुन्हा हात ठेवला. पंपाचा फस्स-फस्स आवाज तेवढा चालू राहिला. माझा हात खांद्यापासून बधिर झाला होता. बिराजदारचे डोळे माझ्यावर खिळलेले होते, आणि मीही त्याच्यावरून नजर काढत नव्हते. आपण हात हलवला तर हे पोर जाईल, एवढंच डोक्यात होतं. मला भीती वाटत नव्हती. भीती वाटायला डोक्यात जागा उरली नव्हती.

दिवेलागणीच्या सुमाराला त्यानं ओठ हलवले. कुरियन धावत आले, विजेरी खिडकीवर धरली.

"गुलाबी," ते म्हणाले. "थोडा-थोडा गुलाबी होतोय." आणि तिथेच खाली बसकण मारून चेहरा हातांत झाकला.

रात्र त्याला थोडा वेळ बाहेर, थोडा वेळ आत ठेवत काढली. सकाळी आभाळ उघडलं, हेलिकॉप्टर आलं आणि बिराजदार स्वतःच्या श्वासावर खाली गेला.

मी हातपाय धुऊन परत आले तेव्हा तंबूबाहेर गर्दी होती. सुरवंट एका फळीवर नीट मांडून ठेवला होता. ठाण्याच्या छोट्या देवळातलं कुंकू त्याला लावलं होतं, पुढे नारळ ठेवला होता. खोतांनी मला बघून चक्क कडक सलाम ठोकला.

"बाईसाहेब, आपला पैलवान उतरला!"

मेजर हसत बाहेर आले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते. "कर्नलसाहेबांशी बोललो. फार खूश आहेत. याच हिवाळ्यात प्रत्येक चौकीवर बॅग जाईल. आजच पास म्हणून कळवतोय."

"नको," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, त्यांनी चुकीचं ऐकलं. "काय?"

"पास म्हणून कळवू नका. बॅग मी परत घेऊन जातेय."

"मॅडम, काल या बॅगेनं माझा माणूस वाचवला."

"काल ती मी हातानं दाबून धरली होती, सर. प्रत्येक चौकीवर माझा हात असणार नाही."

मेजर माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात, पण स्पष्ट बोलले. "वरच्या चौक्यांवर आज काहीच नाही. निम्म्या दाबाची बॅग असली, तरी काही नसल्यापेक्षा बरी. हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

"आज काही नाही, म्हणून पहिल्या खोकल्याला माणूस खाली निघतो," मी म्हटलं. "उद्या बॅग असली तर चौकीचा प्रमुख म्हणेल, थांबू जरा, बॅग आहे ना. माणसाला आत घालतील, काटा हिरव्या रेघेवर नेतील, कारण आम्हीच त्यांना तसं शिकवलं असेल. आणि ती फाटेल तेव्हा खाली निघायची वेळ टळून गेलेली असेल."

"फाटेल हे कशावरून? नियमानं ती उतरलीय."

"ती काल सकाळी फोडलेली. ही नाही." मी फळीकडे बोट केलं. "हिच्यात पोती भरा. आता. गार असतानाच."

खोतांचा चेहरा पडला. "ही न्हाई, बाईसाहेब. हिनं जीव वाचिवलाय. हिला कशी फोडायची?"

"खोतसाहेब, लाडाचं लेकरू इथे चालत नाही, असं तुम्हीच म्हणालात."

त्यांनी मेजरांकडे बघितलं. मेजर फळीपाशी गेले. मग म्हणाले, "भरा."

नारळ बाजूला ठेवला गेला. पोती आत गेली. पंपावर यायला कुणी तयार होईना, म्हणून मीच पाय ठेवला. मी कोण, तिची आईच म्हणा ना. एकेक दाब देताना पोटऱ्या भरून येत होत्या, त्या उंचीवर धाप लागत होती. काटा चढला. काचेवर माझी काळी खूण अजून होती. काटा तिच्यावरून पुढे गेला. हिरवी रेघ अजून लांब होती. एवढं मोठं बोलून बसले होते, आणि तरीही मनात कुठेतरी वाटत होतं, धर गं बाई. धर.

ती धरली नाही. हिरव्या रेघेच्या चांगलीच अलीकडे ती खिडकीपासून चेनपर्यंत उभी चिरली.

वाळू सांडायची थांबल्यावर खोतांनी टोपी काढली. कुणी म्हणावं की माणूस गेलाय. मेजर शिर्के वाकले, फाटलेली कड बोटांत धरून बघितली. मग कर्नलांना फोन लावायला निघून गेले.

पुण्यात केळुस्कर सरांनी चिंध्या टेबलावर पसरल्या तेव्हा आधी त्यांना विश्वास बसेना. त्यांनी वरपर्यंत शब्द देऊन ठेवला होता. "पास होत होती ती तू स्वतः फोडलीस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "दाखव, जोड कुठून सुटायला लागला."

तो हिवाळा चौक्यांवर बॅगेशिवाय गेला. थंडी सरताना एके दुपारी मेजर शिर्क्यांचा फोन आला.

"तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. या मोसमात दोघांना पाठीवर खाली आणावं लागलं. एक वाचला. एक वाटेत गेला."

मी विचारलं, "वेळेवर निघाले होते?"

"पहिल्या खोकल्याला निघाले होते. कुणी थांबलं नव्हतं."

"बॅग असती तर, सर?"

"माहीत नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. ते आता कधीच कळणार नाही. मी तुम्हाला दोष द्यायला फोन केलेला नाही. नवीन कधी आणताय ते विचारायला केलाय."

"येत्या थंडीला."

"माझी बदली पुढे ढकललीय मी. आणा."

फोन ठेवून मी मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं आणि रडून घेतलं. मग परत येऊन जोडाच्या कामाला बसले. त्या उन्हाळ्यात आम्ही खिडकी लहान केली, कापडाच्या दोन थरांत ती धरली, मधे दोन्हींच्या ओढीला ढील देणारी मऊ पट्टी घातली. शीतगृहात आता मी बॅग नुसती ठेवत नव्हते. मोठे हातमोजे घालून आत जायची आणि घड्या घालत बसायची. शीतगृहाचा रखवालदार सरांना म्हणाला, बाईंना काहीतरी झालंय.

थंडी पडली आणि मी या वेळी पाच बॅगा घेऊन वर गेले. मेजर शिर्क्यांनी एकही सवलत दिली नाही. पुरल्या, फेकल्या, ओढल्या. खोत निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांच्या जागी आलेला सुभेदार मला फार सांभाळून बोलायचा. शेवटी फोडायची वेळ आली. पहिली लाल रेघेच्या पुढे गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली.

"बस," मेजर म्हणाले. "झालं समाधान. उरलेल्या दोन बॅगा चौक्यांवर पाठवू."

"सगळ्यात जास्त छळलेली यातली कुठली?"

त्यांनी बोट दाखवलं. मी तिच्यात पोती भरायला सांगितली. पंपावर एक तरणाताठा शिपाई होता. काटा हिरवी रेघ ओलांडून गेला, मग लाल रेघ. बॅग दगडासारखी घट्ट झाली. शिपाई दम घ्यायला थांबला आणि त्यानं मेजरांकडे बघितलं. मेजरांनी माझ्याकडे बघितलं.

"थांबवायचं?"

"नाही," मी म्हटलं. "फाटेपर्यंत."